दुसरी पाठवणी

मिलिंद लाटकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्या संध्याकाळी ते हार-नारळ घेऊन घरी आले, हार खुंटीला अडकवला, बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसले आणि त्यानंतर म्हणावं तसे कधी उठलेच नाहीत.

दुःखी होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. जेवण बरं होतं, झोप उत्तम होती, कोणी विनोद केला तर हसत. फक्त काही करायचं निघालं की म्हणत, "बघू." स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. "बघू." दाराची बेल बिघडली. "बघू." पुढे पुढे बेल बिघडल्यामुळे माणसंही यायची थांबली, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. माणसं आली की उठावं लागतं.

सगळ्या नातेवाइकांनी आपापलं निदान केलं. एकाने व्हिटॅमिन सांगितलं, दुसऱ्याने दृष्ट काढायला लावली. डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य नाही. नैराश्यात माणसाला वाईट वाटतं. यांना काहीच वाटत नाहीये. याला औदासीन्य म्हणतात."

"आमच्याकडे आळस म्हणतात," रूपालीकाकू म्हणाल्या. मिलिंदरावांबरोबर त्यांनी संसाराची तीस-एक वर्षं काढली होती आणि त्यांना मोठ्या शब्दांचं कौतुक राहिलं नव्हतं.

अशात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, ईश्वरीचं, लग्न ठरलं. ईश्वरी फिजिओथेरपिस्ट. आखडलेले गुडघे हलवणं हा तिचा व्यवसाय, पण बापाला खुर्चीतून हलवणं काही तिला जमेना. नाशिकच्या गायधनींकडून स्थळ आलं, मुलगा अद्वैत पसंत पडला, साताऱ्यातलं कार्यालय ठरलं. ते बघायला सगळे गेले, मिलिंदराव घरी बसले.

"बाबा, लग्नाला तरी उठशील ना? का खुर्चीसकट आणायचं?"

"बघू," ते म्हणाले, आणि हसले. ईश्वरी हसली नाही. ती आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "आई, मी इथे राहिले काय, गेले काय, त्याला सारखंच आहे बघ."

त्या एका वाक्यासाठी रूपालीकाकूंनी 'हुरूप' घ्यायचं ठरवलं.

हुरूप म्हणजे कानामागे चिकटवायची एक पट्टी, तांदळाच्या पापडाएवढी पातळ. त्या वर्षी गावोगाव तिची केंद्रं निघाली होती. साताऱ्याच्या केंद्रावर तन्वी नावाची एक चुणचुणीत मुलगी बसायची. तिने मिलिंदरावांना खुर्ची दिली. ती त्यांना लगेच आवडली, म्हणजे खुर्ची.

"काका, मेंदूत एक तराजू असतो," तन्वी म्हणाली. "कुठलंही काम करण्याआधी, अगदी पाण्याचा पेला उचलायचा तरी, एका पारड्यात त्रास पडतो आणि दुसऱ्यात त्यातून मिळणारं समाधान. समाधान जड झालं की हात उठतो. हे सगळं पापणी लवायच्या आत, तुमच्या नकळत होतं. तुमचं त्रासाचं पारडं गंजून खाली बसलंय."

"पाटबंधाऱ्याच्या फायलीसारखं," मिलिंदराव म्हणाले. विनोद त्यांना जमायचा, कारण तो बसून करता येतो.

"तसंच. ही पट्टी ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडते. मेंदूच्या तळाशी वालाच्या दाण्याएवढी एक जागा आहे, तिथे त्या पोचतात आणि त्रासाचं पारडं किंचित उचलून धरतात. मग उठणं सोपं होतं."

"पण उठून करायचं काय, ते पट्टीला कसं कळणार?" रूपालीकाकूंनी विचारलं. "उद्या उठतील आणि शेजारच्यांची गाडी धूत बसतील."

"म्हणून पहिले पंधरा दिवस ओळखीचे," तन्वी म्हणाली. "काका काय करतात तेव्हा आत किती मोठी लाट उठते, ते पट्टी टिपते. जिथे लाट सगळ्यात मोठी, ते काकांचं सगळ्यात मोलाचं काम. पुढे ती त्यांना तशा कामांकडे नेते. म्हणून हे पंधरा दिवस अगदी साधे हवेत. रोजचे. सणवार नको, प्रवास नको. घरात काही कार्य वगैरे?"

लग्न पुढच्या आठवड्यात होतं. पण तसं सांगितलं तर ही पोरगी 'लग्नानंतर या' म्हणणार, आणि लग्नानंतर पट्टी घेऊन काय तिची पूजा करायची? रूपालीकाकूंनी आपल्याकडे अशा वेळी जे म्हणतात तेच म्हटलं.

"छे गं, तसं काही मोठं नाही. घरगुतीच आहे."

"मग हरकत नाही."

आपल्याकडे पाचशे पानांच्या आतलं सगळं घरगुतीच असतं, हे तन्वीला कोणी शिकवलं नव्हतं. घरी आल्यावर रूपालीकाकूंनी नव्या स्कूटरला लावावं तसं पट्टीला हळदकुंकू लावलं. त्यामुळे ते मिलिंदरावांच्या कानालाही लागलं.

आणि काय सांगावं, मिलिंदराव उठले!

पहिल्या दिवशी त्यांनी नळ दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी बेल. मग मांडववाल्याशी भांडले, आचाऱ्याशी भांडले, आणि ज्याच्याशी भांडायचं कारण नव्हतं त्या फुलवाल्याशीही सरावासाठी भांडले. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन स्वतः फिरले. "माझ्यासाठी एक" म्हणून नाशिककडच्या एका मधुमेही काकांना त्यांनी दोन वाढल्या. मानपानात कोण रुसलंय ते रुसणाऱ्याच्या आधी त्यांना कळत होतं. ईश्वरी बोहल्यावरून बघत होती. अंतरपाट धरलेला असतानाही ती नवऱ्याऐवजी बापाकडेच बघत होती, असं नंतर व्हिडिओत दिसलं.

मग पाठवणीची वेळ आली. गाडी फुलांनी मढवलेली होती. ईश्वरी आईच्या गळ्यात पडली, मावशीच्या पडली, आणि बापासमोर आली. त्यांनी तिचा हात धरला, गाडीत बसवलं, दार लावायला गेले, आणि दाराची मूठ धरून असे रडले की बँडवाल्यांनी आपण होऊन वाजवणं थांबवलं. त्यांना रडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा. कानामागची पट्टी हळूच एकदा हिरवी झाली.

"मशीन भारी आहे हो," मधुमेही काका म्हणाले. "कुठे मिळतं?"

पुढे पंधरवडा संपला आणि घर रिकामं झालं. रूपालीकाकूंना धास्ती होती की हे पुन्हा खुर्चीत जातील. ते गेले नाहीत. पहाटे उठून दारात उभे राहायला लागले.

समोरचे पवार कामावर निघाले की मिलिंदराव त्यांची बॅग गाडीपर्यंत पोचवत. कोपऱ्यावरच्या भोसल्यांची नात शिकायला परगावी निघाली, तर तिच्याबरोबर स्टँडपर्यंत जाऊन, जागा धरून, खिडकीतून लाडवाचा डबा देऊन आले. मग ओळखीचं कोणी जाणारं नसलं तरी ते संध्याकाळचे स्टँडवर जायला लागले. परक्यांना सांभाळून जा म्हणत, बस वळेपर्यंत हात हलवत. एसटी आता विजेवर आणि ड्रायव्हरशिवाय धावत होती, उशिरा मात्र पूर्वीसारखीच येत होती, त्यामुळे त्यांना निरोप द्यायला भरपूर वेळ मिळे. घरी येताना त्यांचा चेहरा जेवून उठल्यासारखा तृप्त दिसायचा.

गल्लीला भलतंच कौतुक वाटलं. कौतुकाचं रूपांतर आपल्याकडे फार लवकर उपयोगात होतं. पवारांकडे त्यांचे साडू येऊन बसले होते आणि हलायचं नाव घेत नव्हते. पवारांनी मिलिंदरावांना चहाला बोलावलं. चहा संपायच्या आत साडूंची बॅग भरलेली होती, हातात नारळ होता, आणि स्वतः साडूंनाच आपण निघायला उशीर केला असं वाटत होतं. यानंतर त्यांना चहाला बरीच बोलावणी यायला लागली.

रूपालीकाकू हसायच्या. मग मिलिंदरावांची बहीण, विद्याआत्या, आठवडाभर राहायला म्हणून आली, आणि दुसऱ्या सकाळी परतीच्या बसमध्ये बसलेली आढळली.

"वहिनी, दादाचं काही चुकलं नाही गं," ती फोनवर म्हणाली. "इतक्या प्रेमानं काढलं ना त्यानं मला, की मी थँक्यूसुद्धा म्हणून आले."

त्या दिवशी काकू हसल्या नाहीत. पण नळ ठिबकत नव्हता, बेल वाजत होती, आणि नवरा उठत होता. एवढं झाल्यावर तक्रार कोणाकडे करायची?

दिवाळीनंतर, न कळवता, ईश्वरी आली. मोठी बॅग होती. "सहज आले," ती म्हणाली. चेहरा उतरला होता. काकूंनी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "सांगते. उद्या निवांत सांगते. आज नुसतं झोपू दे मला इथे."

मिलिंदराव आनंदाने फुलून आले होते. त्यांनी तिची बॅग उचलून घरात घेतली, आणि विचारलं, "परत कधी निघायचं, बाळा?"

"आत्ताच आले ना बाबा."

"हो, हो. आपलं विचारून ठेवलं."

सकाळी रूपालीकाकू मंडईत गेल्या. पोर राहणार होती. तिला सुरळीच्या वड्या आवडतात, तेव्हा कोथिंबीर हवी, ओला नारळ हवा. त्यांना जरा वेळच लागला, कारण वाटेत भेटलेल्या प्रत्येकीला त्यांनी लेक आली म्हणून सांगितलं. परत आल्या तेव्हा मिलिंदराव दारात उभे होते आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवत होते.

"ईश्वरी कुठंय?"

"गेली की. छान झाली पाठवणी. गाडी बोलावली, तिची बॅग भरून दिली, लाडू दिले. ओटी मात्र शेजारच्या वहिनींकडून भरून घेतली, तू नव्हतीस ना."

"अहो, ती राहायला आली होती!"

"असं काही बोलली नाही." मिलिंदरावांनी आठवून बघितलं. "'बाबा, मला जरा' असं काहीतरी म्हणत होती. म्हटलं, नंतर बोल, ऊन व्हायच्या आत पोचशील."

काकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "रडत होती का?"

"नाही गं. बघत होती नुसती. मीच हसत होतो."

संध्याकाळी नाशिकहून अद्वैतचा फोन आला, ईश्वरी तिकडे आहे ना म्हणून. मग दोन्ही घरांनी एकमेकांना शांत राहायला सांगण्यात तासभर घालवला. शेवटी ईश्वरीचाच फोन आईला आला. ती कराडला होती. गाडी तिने स्टँडवरच सोडली होती. कराडच्या दवाखान्यात तिची एक मैत्रीण होती, तिथे काम मिळेल असं म्हणत होती.

"अगं पण झालं काय?"

"अद्वैतनं आईवडिलांसाठी लग्न केलं होतं, आई. परवा चहा पिताना सांगितलं त्यानं, सहज. 'तुलाही माहीत असेल असं वाटलं' म्हणाला. मारत नाही, भांडत नाही. बोलतच नाही कोणी तिथे. मला परत जायचं नाही. हेच सांगायला आले होते."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"कोणाला सांगणार?" ईश्वरी म्हणाली. "माझी बॅग भरून झाली होती."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मिलिंदरावांना केंद्रावर नेलं. वाटेत त्यांनी एका कॉलेजच्या मुलाला निरोप दिला. तन्वीने पट्टीतली टिपणं पडद्यावर काढली. रोजच्या लाटा तळ्यातल्यासारख्या होत्या, आणि मधोमध एक उंच कडा उभा होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं. "या दिवशी काय झालं होतं?"

काकूंनी खाली बघत सांगितलं, "मुलीची पाठवणी."

तन्वीने पडद्यावरच्या त्या कड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पट्टी लाटेची उंची मोजते, काकू. चव नाही मोजत. मेंदूच्या तळाशी गोड आणि कडू जवळजवळ एकाच जागी उसळतं, निवडणं नंतर वरच्या मजल्यावर होतं. साध्या पंधरा दिवसांत एवढं कडू कोणाच्या वाट्याला येत नाही, म्हणून चालून जातं. यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख पट्टीने टिपलं, आणि हेच यांना सगळ्यात हवंय असं धरून चालली. तेव्हापासून ती त्यांना पुन्हा पुन्हा तिथेच नेतेय. आणि नेलं की बक्षीस म्हणून समाधान देतेय."

"पण लग्नात किती चांगलं काम केलं हो तिनं," काकू म्हणाल्या. काहीतरी चांगलं निघावं असं त्यांना फार वाटत होतं. "नळ, मांडव, पंगत..."

"लग्नात?" तन्वी गोंधळली. "पहिले पंधरा दिवस पट्टी काहीच करत नाही. नुसती बघते. लहरी सोळाव्या दिवशी सुरू होतात."

"म्हणजे लग्नात हे..."

"ते स्वतःच उठले होते, काकू."

मिलिंदराव भिंतीकडे बघत बसले होते. तसंच बघत म्हणाले, "म्हणजे मला येत होतं."

मग त्यांनी हात कानामागे नेला आणि पट्टी सोलून काढली. तन्वी म्हणाली, पुन्हा ओळख करून देता येईल, साधे पंधरा दिवस मात्र हवेत.

"साधे पंधरा दिवस आता कुठून आणू, पोरी?" ते म्हणाले.

पट्टी निघाल्यावर दोन दिवसांत सगळं उतरलं. पारडं जिथे होतं तिथे जाऊन बसलं आणि मिलिंदराव खुर्चीत. फरक एवढाच होता की पूर्वी त्यांना काही वाटत नव्हतं. आता वाटत होतं, आणि तरी उठता येत नव्हतं. ते कराडला जायचं म्हणत. एका सकाळी शर्ट चढवला आणि बाह्या दुमडता दुमडता दुपार झाली. एकदा जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच पायरीवर बसले. पवारांना वाटलं कोणाला तरी निरोप द्यायला बसलेत.

"अहो, एका दिवसापुरती लावा ती पट्टी आणि जाऊन या," काकू म्हणाल्या. त्यांच्याच्यानं बघवेना.

"लावून गेलो, तर तिच्याच खोलीतून तिला पाठवून येईन."

काकूंनी पुन्हा सुचवलं नाही. बरोबर येऊ का, असं विचारलं. ते नको म्हणाले.

शेवटी एक दिवस ते गेले. कसे, ते सांगता येत नाही. हुरूप आला नव्हता, शकुन झाला नव्हता, रात्री स्वप्न पडलं नव्हतं. पाय उचलला तो विहिरीतून काढल्यासारखा जड होता, दुसराही तसाच होता. बस उशिरा आली. कराडला उतरल्यावर त्यांना वाटलं, इथूनच परत जावं. पण परत जाण्यासाठीही पूल ओलांडून पलीकडे जावं लागत होतं, आणि तेवढ्याच श्रमात ईश्वरीची गल्ली येत होती. असं ते स्वतःच पुढे सांगत. खरं-खोटं त्यांना माहीत.

ईश्वरीने दार उघडलं. अंगात दवाखान्याचा डगला होता. तिने आधी त्यांच्या कानामागे बघितलं.

"आईनं पाठवलं?"

"नाही."

"ये."

खोलीत एक पलंग, एक शेगडी, खिडकीत वाळत टाकलेले रुमाल. मिलिंदराव पलंगाच्या कडेला टेकले. ईश्वरीने चहा ठेवला आणि तो वर येईपर्यंत दोघंही गॅसकडे बघत होती.

"चल घरी," ते म्हणाले.

"नको बाबा."

"ते यंत्र होतं गं."

"माहितीये. आईनं सगळं सांगितलं. लग्नात रडलास तो तू, आणि नंतर हसलास ते यंत्र." तिने चहा गाळला. "मला पटतं ते. मी स्वतः दवाखान्यात काम करते, मला का कळत नाही? पण गाडीच्या काचेतून मला जो दिसला ना, तो तूच होतास, बाबा. तुझाच शर्ट. तुझाच हात. त्याला मी काय करू?"

मिलिंदरावांना यावर विनोद सुचला नाही. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"मी उठलो होतो तेव्हा," ते म्हणाले. "लग्नात. पट्टी चालू नव्हती."

"तेही सांगितलं आईनं."

"तुझ्यासाठी उठलो होतो."

"हो," ईश्वरी म्हणाली. "आणि मी त्या मशीनला धन्यवाद देत सासरी गेले."

बाहेर उन्हं उतरली. ती भाताला लागली. तांदूळ धुताना तिने एकदा वळून बघितलं, ते तसेच बसले होते. शेवटची बस किती वाजता, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, आणि स्टँडवर इतक्या साऱ्या संध्याकाळी घालवलेल्या माणसाला ती वेळ तोंडपाठ होती.

ताट वाढल्यावर तिने फोन लावला. मिलिंदराव भात कालवत होते.

"आई, बाबा इथे आलाय. हो, एकटाच... बरा आहे. आमटी-भात." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "नाही. मी नाही येणार, आई. आता नाही. पुढचं माहीत नाही." पुन्हा ऐकलं. "नको, तू गाडी पाठवू नकोस."

तिने एकदा बापाकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

"राहू दे आज त्याला इथे."

मिलिंदरावांनी मान खाली घातली आणि कालवलेला भात पुन्हा कालवायला लागले.